कपल काउन्सेलिंगची १४ सेशन्स: आत नेमकं काय होतं, काय उपयोगी पडलं, काय नाही

हा रिव्ह्यू लिहावा की नाही यातच दोन महिने गेले. घरातलं असं चारचौघांत मांडायचं का हा प्रश्न होता, आणि नवऱ्याला विचारल्याशिवाय तर लिहिणार नव्हतेच. तो म्हणाला लिही, आपण शोधत होतो तेव्हा आपल्याला असं कुणाचं काही वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून लिहितेय. सेंटरचं किंवा मॅडमचं नाव देणार नाही, कारण काही तक्रारी पण लिहायच्यात आणि शिवाय प्रत्येकाला काउन्सेलर वेगळा मिळणार. तर हे कपल काउन्सेलिंग या सर्व्हिसबद्दलच समजा.

आधी थोडं आमच्याबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. लग्नाला ११ वर्षं झाली, मुलगी ८ वर्षांची. मारहाण नाही, व्यसन नाही, बाहेर कुणाचं काही नाही, त्यामुळे वेगळं व्हायचंय म्हटलं की सगळे विचारायचे अगं पण झालंय काय? आणि मला सांगता यायचं नाही. व्हायचं असं की काहीतरी बारीकसं निघायचं, मी बोलायला लागायचे, तो गप्प, तो गप्प बसला की मी अजून जोरात, मग तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा आणि मी बंद दाराकडे बघत अर्धा तास बोलत राहायचे. शेवटच्या वर्षी तर भांडणं पण थांबली. मला तेव्हा वाटलं चला शांतता झाली, पण ती शांतता नव्हती, आम्ही दोघांनी नाद सोडला होता. घरात फक्त कामाचं बोलणं, तिची फी भरलीस का, उद्या तिला कोण आणणार, लाईट बिल. मी वकिलांना भेटून आले आणि त्याला मेसेज करून फक्त वेगळं व्हायचंय एवढंच सांगितलं (हो, एकाच घरात राहून मेसेज), त्याचं उत्तर आलं 'ठीक आहे'. ते दोन शब्द मी रात्रभर उघडून बघत होते.

काउन्सेलिंगच्या आधी मी एक ऑनलाईन कोर्स घेतला होता, त्याबद्दल आधी लिहिते कारण अशा अवस्थेत माणूस पहिल्यांदा तिकडेच जातो. रात्री दोन वाजता 'घटस्फोट कसा थांबवायचा' टाईप केलं की असले कोर्स समोर येतात, जोडीदाराला न कळता तुमचं लग्न वाचवा, गॅरंटी, आणि वर उलटं पळणारं घड्याळ की ऑफर संपत आलीये. मी घेतला. त्यात तयार मेसेज होते, अमुक दिवशी हा पाठवा, मग इतके दिवस काही बोलू नका, त्याला तुमची किंमत कळू द्या वगैरे. त्यातला पहिला मेसेज मी पाठवला. संध्याकाळी तो घरी आला, फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "हे तू लिहिलेलं नाहीयेस." ओरडला नाही, चिडलाही नाही, फक्त खूप थकलेला दिसला. मला इतकं वाईट वाटलं की आपल्याच नवऱ्याशी बोलायला आपण दुसऱ्याचे शब्द विकत आणले. दोघांचं बिघडलेलं एकानेच लपूनछपून, डाव टाकून दुरुस्त करायचं ही कल्पनाच मुळात चुकीची आहे असं माझं मत आहे. त्या कोर्सला माझ्याकडून शून्य.

पण त्या मेसेजवरूनच आमचं बऱ्याच महिन्यांनी जरा खरं बोलणं झालं आणि तोच म्हणाला की कुणाकडे तरी जाऊया, वकिलाकडे जायच्या आधी एकदा. (मी ऑलरेडी जाऊन आले होते, पण गप्प राहिले.)

आता मुख्य सर्व्हिस. पहिलं सेशन दीड तासाचं, दोघं एकत्र, कसे भेटलात, काय आवडलं होतं, कधीपासून बिघडलं. मला सगळ्यात अवघड प्रश्न वाटला तो 'काय आवडलं होतं' हा. त्यानंतर प्रत्येकाचं एकेक सेशन एकट्याने. हे फार महत्त्वाचं आहे आणि ज्यांच्याकडे हे होत नाही त्यांच्याकडे जाऊ नका असं मी म्हणेन, कारण एकट्याच्या सेशनमध्येच मॅडमनी मला सरळ विचारलं की तुला घरात त्याची भीती वाटते का, कधी हात उचललाय का, पैसे किंवा फोन त्याच्या ताब्यात आहे का. नवरा शेजारी बसलेला असताना या प्रश्नाचं खरं उत्तर कोण देईल? आणि त्यांनी आधीच एक नियम सांगितला होता की एकट्याने सांगितलेली एखादी गोष्ट जर नात्यावर परिणाम करणारी असेल तर मी ती दुसऱ्यापासून कायम लपवून ठेवणार नाही, तुम्हाला सांगायला मदत करेन. तेव्हा राग आला होता, आता पटतं. मॅडम आमच्यापैकी एकाच्या बाजूच्या नाहीत हे आम्हाला त्यामुळेच कळलं.

खरा फरक पडला चौथ्या सेशनला आणि ते मी जरा सविस्तर लिहिते.

मॅडमनी दोघांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावले, तोच ताप आल्यावर लावतात तो छोटा चिमटा. म्हणाल्या ऑक्सिजन बघायचा नाहीये, नाडीचा आकडा बघायचाय, तुम्ही तुमचं नेहमीचं भांडण काढा. विषय होता शाळेची पालक मीटिंग, जी तो विसरला होता. मी सुरू झाले, तुला कधी काही लक्षात राहतं का, सगळं मीच बघायचं, तू पाहुण्यासारखा राहतोस या घरात. आणि तो नेहमीप्रमाणे खिडकीकडे बघत बसला, चेहरा एकदम सपाट, दगड. मी मॅडमना म्हणलं, बघा, हेच, याला काही फरकच पडत नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत, त्यांनी त्याचा हात हळूच उचलून माझ्याकडे वळवला. आकडा होता ११२. माझा ९४. खुर्चीत नुसता बसलेला माणूस, एक शब्द बोलत नाहीये, आणि त्याची नाडी ११२. मी बघत असताना ती ११५ झाली.

११ वर्षं मी त्या गप्प बसण्याचा अर्थ 'याला माझी पर्वा नाही' असा लावत होते.

मॅडमनी मग समजावून सांगितलं. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हनसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं नवरा-बायकोंना असंच समोरासमोर बसवून, वायर लावून, त्यांची भांडणं रेकॉर्ड केली. त्यातून दिसलं की नाडी मिनिटाला साधारण १०० च्या वर गेली की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, म्हणजे शब्द येतात पण डोकं फक्त धोका आहे एवढंच धरून बसतं. काही जण त्यात ओरडतात, काही जण भिंत होतात. आणि एकदा वर गेलेलं शरीर खाली यायला किमान वीस मिनिटं तरी लागतात, तीही त्या वीस मिनिटांत तोच विषय मनात घोळवला नाही तर. म्हणजे मी दाराबाहेर उभी राहून बोलत होते तो अर्धा तास त्याच्या कानावर फक्त आवाज जात होता, आणि तो आत जाऊन बसायचा त्यामुळे मला वाटायचं की हा मला टाकून गेला. दोघंही खरेच होतो, हे पहिल्यांदा कळलं.

त्यावर उपाय जो दिला तो ऐकायला इतका साधा आहे की मला आधी फी वाया गेल्यासारखं वाटलं. नाडी चढतेय असं वाटलं की त्याने म्हणायचं, "माझं डोकं भरलंय, वीस मिनिटं दे, मी परत येतो." आणि खरंच परत यायचं, आणि विषय त्यानेच काढायचा. सगळी गंमत त्या 'परत येतो' मध्ये आहे. आधी तो नुसता उठून जायचा, आता सांगून जातो आणि येतो. पहिल्या दोन वेळा तो आलाच नाही, झोपून गेला, मी सेशनमध्ये खूप रडले. तिसऱ्यांदा आला. दारात उभा राहून म्हणाला, हं, तर मीटिंगचं. मला त्या क्षणी भांडायचंच नव्हतं.

पण हे सगळं त्याच्याबद्दल झालं, माझंही निघालं आणि ते मला जास्त लागलं. पाचव्या सेशनला तो काहीतरी सांगत असताना मॅडमनी मला थांबवलं आणि विचारलं, तू आत्ता काय केलंस? मी म्हणलं काही नाही, ऐकतेय. त्या म्हणाल्या, तू डोळे फिरवलेस आणि 'च्' केलंस. मला माहीतही नव्हतं. गॉटमन यांच्या अभ्यासात लग्न मोडण्याची जी चार मोठी लक्षणं आली आहेत ती म्हणजे स्वभावावर टीका, तुच्छता, लगेच स्वतःचा बचाव आणि गप्प राहून भिंत होणं, आणि यात सगळ्यात घातक तुच्छता. डोळे फिरवणं, टोमणा, समोरच्याची नक्कल करणं, हे सगळं त्यात येतं. मी स्वतःला कायम अन्याय झालेली समजत होते आणि तुच्छता माझ्याकडून जात होती. त्या रात्री मी त्याला विचारलं, मी हे नेहमी करते का? तो बराच वेळ बोलला नाही आणि मग म्हणाला, "मुलगी पण करायला लागलीये." याच्यापुढे मला काही लिहिता येत नाहीये.

मग वाक्यं बदलण्याचं काम. तेच मीटिंगचं भांडण मला परत सुरू करायला लावलं, पण नियम असा की 'तू कधीच' आणि 'तू नेहमी' वापरायचं नाही, काय घडलं ते सांगायचं, मला काय वाटलं ते सांगायचं, मला काय हवंय ते सांगायचं. मला वीस मिनिटं लागली. शेवटी जे निघालं ते असं, "मीटिंगला बाकी सगळीकडे दोघं दोघं होते, मी एकटी बसले होते, मला खूप एकटं वाटलं, पुढच्या वेळी तू यावंस असं मला वाटतं." म्हणताना मला स्वतःलाच रडू आलं, कारण पाहुण्यासारखा राहतोस या वाक्याच्या खाली इतके दिवस हेच होतं. भांडणाची पहिली तीन मिनिटं कशी जातात त्यावरून पुढचं बरंच ठरतं असं मॅडम सांगायच्या, हेही त्याच रेकॉर्डिंगच्या अभ्यासातलं, आणि माझ्या अनुभवाने सांगते, तीन पण नाही, पहिलं वाक्यच पुरतं.

होमवर्क बरंच असतं, सगळं नाही लिहीत. एक मात्र नक्की सांगेन कारण ते तुम्ही काउन्सेलरशिवाय पण करू शकता. आधी झालेल्या एखाद्या भांडणाबद्दल सात मिनिटं लिहायचं, पण असं समजून की दोघांचंही भलं व्हावं असं मनापासून वाटणारं एखादं तिसरं माणूस ते भांडण बघतंय, त्याला काय दिसेल, आणि त्या नजरेने बघायला मला काय आड येतं. २०१३ साली एली फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १२० जोडप्यांवरचा अभ्यास आला होता, त्यात अर्ध्या जोडप्यांनी वर्षभरात फक्त तीन वेळा सात-सात मिनिटं हे केलं, आणि ज्यांनी केलं नाही त्यांचं समाधान घसरत राहिलं, यांचं घसरायचं थांबलं. माझ्या नवऱ्याला हे फार आवडलं, बोलायला लागत नाही ना. त्याची वही मी एकदा त्याच्या परवानगीने वाचली, त्यात लिहिलं होतं की त्या तिसऱ्या माणसाला एक बाई दिसते जी खूप दमलेली आहे आणि तिला कुणी विचारत नाहीये. अकरा वर्षांत त्याने माझ्याबद्दल असं काही म्हटलेलं मला आठवत नाही.

अजून एक, आमच्या भांडणांची यादी करायला लावली आणि त्यातली कुठली सुटणारी आणि कुठली कायमची हे वेगळं करायला सांगितलं. कळलं की जोडप्यांच्या वादांपैकी साधारण ६९ टक्के वाद स्वभावातल्या फरकातूनच येतात आणि ते कधी पूर्ण सुटत नाहीत, जी लग्नं चांगली चालतात त्यांच्यातही. आधी मी घाबरले ऐकून. पण मग हलकं वाटलं. तो विसराळू आहे आणि राहणार, मला सगळं आधी ठरलेलं लागतं आणि लागणार. यावर आम्ही आयुष्यभर बोलत राहणार आहोत, फक्त आता त्यात वकील येत नाही.

नवरा आकड्यांचा माणूस आहे, त्याने पहिल्याच सेशनला विचारलं होतं की हे चालतं का, किती जणांचं? मॅडमनी आशा दाखवायला काही फेकलं नाही हे मला आवडलं. त्यांनी अँड्र्यू ख्रिस्टेनसन यांच्या अभ्यासाचं सांगितलं, १३४ जोडपी, सगळी बरीच वर्षं त्रासात असलेली, प्रत्येकाला जास्तीत जास्त २६ सेशन्स. पाच वर्षांनी बघितलं तर साधारण निम्म्यांचं नातं चांगलं सुधारलेलं होतं आणि साधारण पाव जोडपी वेगळी झाली होती. म्हणजे गॅरंटी कुणी देत असेल तर तिथून उठा. नवरा गाडीत म्हणाला निम्मे म्हणजे वाईट नाही, आपण आत्ता शून्यावर आहोत.

आता तक्रारी. एक म्हणजे संध्याकाळचे स्लॉट मिळत नाहीत, दोघं नोकरी करणारे असाल तर दर वेळी हाफ डे टाकावा लागतो, आणि दोनदा तर आम्ही पोचल्यावर कळलं की अपॉइंटमेंट पुढे ढकललीये. तुटायला आलेल्या जोडप्यासाठी एक आठवडा म्हणजे फार मोठा काळ असतो, हे फ्रंट डेस्कवरच्यांना कुणीतरी सांगायला हवं. दुसरं, होमवर्कचे कागद इतक्या जड भाषेत होते की वाचून दोघांनाही शाळेत बसल्यासारखं वाटायचं, शेवटी मॅडमनी तोंडी सांगितलं तेव्हा कळलं. तिसरं आणि मोठं, सातवं सेशन फार वाईट गेलं. मी वकिलांकडे जाऊन आल्याचं त्या दिवशी पूर्ण निघालं, कोणती कागदपत्रं नेली होती वगैरे, तो कोसळला आणि नेमकी वेळ संपली. पुढचं जोडपं बाहेर बसलेलं होतं. आम्हाला तसंच बाहेर काढलं. गाडीत घरापर्यंत कुणी बोललं नाही आणि तो तीन दिवस हॉलमध्ये झोपला. असा विषय उघडायचा तर शेवटची दहा मिनिटं सावरायला ठेवायला हवीत असं मी नंतर मॅडमना स्पष्ट सांगितलं, त्यांनी चूक मान्य केली आणि पुढच्या सेशन्समध्ये तसं केलं पण. यासाठी एक स्टार कमी करतेय, पण त्यांनी मान्य केलं हेही लिहायला हवं.

ऑनलाईन सेशन्स पण तीन घेतली. ठीक आहेत, न होण्यापेक्षा बरी, पण डोळे फिरवलेले स्क्रीनवर दिसत नाहीत. जमत असेल तर समोर बसा.

कुणी जाऊ नये तेही लिहिते. घरात मारहाण असेल, भीती असेल, तर एकत्र काउन्सेलिंगला अजिबात जाऊ नका, आत बोललेल्याचा सूड घरी उगवला जातो. अशा वेळी आधी स्वतः सुरक्षित व्हा, एकट्याने मदत घ्या, आणि तिथे लग्न वाचवणं हे तुमचं काम नाही. आणि जर एकाला टिकवायचंय आणि एकाचा पाय आधीच बाहेर आहे असं असेल तर नेहमीचं काउन्सेलिंग लगेच लागू पडत नाही. त्यासाठी एक वेगळा प्रकार असतो, डिसर्नमेंट काउन्सेलिंग, अमेरिकेतल्या बिल डोहर्टी यांनी सुरू केलेला, जास्तीत जास्त पाच सेशन्स. त्यात लग्न दुरुस्त करतच नाहीत, फक्त आहे तसं चालू ठेवायचं, वेगळं व्हायचं, की सहा महिने मनापासून प्रयत्न करून बघायचे एवढं ठरवायला मदत करतात. बुक करतानाच विचारा, त्यांच्याकडे हे आहे का. मला जर आधी माहीत असतं तर पहिली दोन सेशन्स मी एक पाय दारात ठेवून बसले नसते.

१४ सेशन्स साधारण सात महिन्यांत झाली, आता दर तीन महिन्यांनी एक घेतो. वकिलांची फाईल अजून कपाटात आहे, टाकून दिली नाही, खोटं कशाला बोलू, पण ती कुठल्या कप्प्यात आहे ते मला परवा शोधावं लागलं. ऑक्सिमीटर आम्ही स्वतःचा घेतला, तो टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये असतो. मागच्या रविवारी सुट्टीत कुठे जायचं यावरून सुरू झालं, आवाज चढला, आणि मुलगीच उठली आणि ड्रॉवरमधून तो चिमटा आणून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. नवऱ्याने लावला, १०४. तो म्हणाला वीस मिनिटं. मी घड्याळ लावलं नाही. तो पंधराव्या मिनिटालाच आला.

रेटिंग ५ पैकी ४.